धुऱ्यावरून विमान टिपताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा. उमरेड रोडच्या आतल्या बाजूला तुमचं वावर आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं त्यावरून खाली येत जातात आणि त्यांत अधूनमधून वायुदलाची राखाडी विमानंही असतात. तुझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. मित्र म्हणतो, वायुदलाच्या ठाण्याच्या भिंतीजवळ गेल्याशिवाय खरा फोटो मिळत नाही. वडील म्हणतात, पोलीस उचलून नेतील. कोणाचं ऐकायचं?

वडिलांचं अर्धं खरं आहे, मित्राचं काहीच नाही. माझा तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं आणि विमानांचे फोटो मी गेली पंचवीसेक वर्षं केवळ जीव लागतो म्हणून काढतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: भिंतीपासून तू जितका लांब, तितका तुझा फोटोही चांगला आणि तूही निर्धास्त. कायदा, प्रकाश आणि लेन्स तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, आणि ती बाजू तुमच्या वावराच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची आहे.

आधी कायदा. शासकीय गुपिते अधिनियम हा १९२३ चा कायदा आहे आणि वायुदलाचं ठाणं हे त्या कायद्याने 'प्रतिबंधित ठिकाण' आहे. त्याच्या कलम ३ मध्ये आत शिरणंच नाही, तर अशा ठिकाणाच्या आसपास असणं, त्याचं रेखाटन किंवा नकाशा करणं हेही येतं, मात्र हेतू देशाच्या सुरक्षेला बाधक असेल तर. संरक्षणाशी संबंधित गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'माझा हेतू चांगला होता' एवढं म्हणून भागत नाही, कारण त्याच कलमात असंही आहे की हेतू परिस्थितीवरून आणि वागणुकीवरून ओळखता येईल. म्हणजे तू कुठे उभा होतास, कशाकडे लेन्स होती, विचारल्यावर पळालास की थांबलास, फोटो कोणाला पाठवलेस, हे सगळं तुझ्याबद्दल बोलणार. शिवाय १९३७ च्या विमान नियमांतला नियम १३ सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. नागपुरात नागरी विमानतळ आणि वायुदल एकच धावपट्टी वापरतात, हे लक्षात ठेव. प्रवासी म्हणून कधी गेलास तर खिडकीतून पलीकडे उभी असलेली वायुदलाची विमानं टिपायच्या मोहात पडू नकोस.

मी हा धडा पुस्तकातून शिकलो नाही. २००९ च्या हिवाळ्यात मीही तुझ्या मित्रासारखाच विचार करत होतो. एका ठाण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर ट्रायपॉड लावून उभा राहिलो. एएन-३२ हे वायुदलाचं मालवाहू विमान उतरत होतं, ऊन तिरपं होतं, मला वाटलं आज आयुष्यातला फोटो मिळाला. दहा मिनिटांत दोन जवान आले. चार तास बसवून ठेवलं, पाणी विचारलं, आवाज चढवला नाही. त्यांच्या अधिकाऱ्याने कार्डावरचा एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि एका फोटोवर थांबून मला विचारलं, "हे काय आहे?" विमानाच्या मागे, शेपटीच्या जरा खाली, एका हँगरचं दार उघडं होतं आणि आतलं दिसत होतं. मला ते दार फोटो काढताना दिसलंच नव्हतं. मी विमान पाहत होतो, त्यांनी विमानाच्या मागचं पाहिलं. जबाब लिहून घेतला, फोटो पुसले, समज देऊन सोडलं. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. चौकटीत विमान आणि आकाश. फार तर एखादा ढग, पळसाचा शेंडा, बगळा. धावपट्टी, रडार, टॉवर, भिंत, पहारा, उभी विमानं, गाड्या यांतलं काहीही चौकटीत आलं तर बटण दाबायचं नाही, आणि चुकून दाबलं गेलं तर तिथल्या तिथे पुसायचं. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावतीची आणि अंबाझरीची आयुधनिर्माणी यांच्या बाजूने जातानाही हाच नियम. तिथे तर कॅमेरा बॅगेतून काढायचाच नाही.

आता तुझ्या मित्राच्या म्हणण्याकडे येऊ. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. तीन अंश म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. तुमचं वावर धावपट्टीच्या टोकापासून बारा किलोमीटरवर आणि सरळ रेषेखाली असेल, तर विमान तुझ्या डोक्यावरून जाताना सहाशे-सव्वासहाशे मीटर उंचीवर असतं. एएन-३२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत २९ मीटर. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. ३०० मिलिमीटरवर, सहाशे मीटर अंतरावरून, त्या पंखांची प्रतिमा सेन्सरवर साडेचौदा मिलिमीटर पडते. म्हणजे तुझ्या वावरातून, तुझ्याच लेन्सने, चौकटीच्या रुंदीचा निम्म्याहून जास्त भाग विमानाने भरतो. आणखी काय हवं? कर्ज काढून ६०० ची लेन्स घेऊ नकोस. लढाऊ विमान लहान असतं हे खरं, तेजसचे पंख जेमतेम सव्वाआठ मीटर. पण ते तुला रोज दिसणारही नाही.

भिंतीजवळ काय मिळतं तेही सांगतो. विमान तिथे जमिनीलगत असतं, म्हणजे तुझ्या आणि त्याच्या मध्ये तापलेल्या जमिनीवरची सगळी हवा येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. जमिनीलगतची हवा थरथरते आणि प्रत्येक थर प्रकाशकिरण जरासा वळवतो. त्यातून काढलेला फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो, कडा वितळलेल्या. पोरं लेन्सला दोष देतात, फोकसला देतात, दुरुस्तीला पैसे घालतात. दोष हवेचा असतो आणि त्याला कुठल्याही किमतीची लेन्स पुरत नाही. उपाय दोनच: सकाळी लवकर काढ, आणि लेन्स जितकी वर करता येईल तितकी वर कर. डोक्यावरच्या विमानाकडे पाहताना तापलेल्या थराचा तुकडा छोटासा ओलांडावा लागतो, क्षितिजाकडे पाहताना किलोमीटरच्या किलोमीटर. नांगरून टाकलेली काळी जमीन सगळ्यात वाईट तापते. पऱ्हाटी किंवा तूर उभी असेल त्या बाजूने बघितलंस तर थरथर कमी जाणवेल, तलावावरून बघितलंस तर आणखी कमी. चैत्र-वैशाखात सकाळी साडेआठनंतर मी कॅमेरा ठेवून देतो आणि नुसतं पाहतो.

नुसतं पाहणं हीच खरं तर यातली मोठी विद्या आहे आणि त्यात तू शेतकऱ्याचं पोर असल्याचा फायदा आहे. विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतं. सोनेगावची धावपट्टी १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य अशी आहे. वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असला की विमानं आग्नेयेकडून, तुमच्या उमरेडच्या बाजूने येतात. वारा पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे फिरला की तीच विमानं कळमेश्वरच्या अंगाने उतरतात आणि तू दिवसभर रिकाम्या आभाळाकडे पाहत बसतोस. खळ्यावर उपणायला उभं राहण्याआधी तुझे आजोबा मूठभर भुसा उडवून वारा बघत असतील. तूही तेच कर. त्यासाठी ॲप लागत नाही.

ॲपवरून आठवलं. विमानांचा माग दाखवणारी ॲप्स प्रवासी विमानांसाठी चांगली आहेत. वायुदलाची विमानं बहुतेक वेळा त्यांवर दिसत नाहीत आणि दिसू नयेत हेच बरोबर आहे. आभाळात फार उंचावर पांढऱ्या रेघा काढत जाणारं विमान पाहून गावात 'फायटर गेलं' म्हणतात, ते जवळजवळ नेहमी प्रवासी विमान असतं. इंजिनातल्या वाफेचे हिमकण होऊन ती रेघ बनते. त्याला उणे चाळीसच्या आसपासची थंडी लागते, म्हणजे सहसा आठ किलोमीटरच्या वरची हवा. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन्ही रस्ते आपल्या डोक्यावरून जातात, म्हणून या रेघांची जाळी आपल्याकडे जास्त दिसते.

लढाऊ विमान आलंच तर ते आवाजाने कळतं, आणि तिथेच सगळे फसतात. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. विमान दोन किलोमीटरवर असेल तर तुला ऐकू येणारा आवाज सहा सेकंदांपूर्वीचा असतो. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान त्या सहा सेकंदांत दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज आला तिकडे पाहू नकोस. तो कुठून कुठे सरकतोय ते एक क्षण कानाने धर आणि त्याच्या बरंच पुढे नजर टाक. मला हे जमायला दोन वर्षं लागली. अजूनही दहातली चार विमानं निसटतात.

उजेडाचं सोपं आहे. तुमच्याकडे विमान आग्नेयेकडून वायव्येकडे जातं, तर सकाळी त्या रेषेच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर उभा राहा, संध्याकाळी पश्चिमेकडच्या. सूर्य पाठीशी राहील. दुपारी विमानाचं पोट काळं येतं आणि खाली काळी माती असली की आणखी काळं, कारण ती उजेड परत वर पाठवतच नाही. गहू पिकून पिवळा झाला असेल, तेव्हा त्याच विमानाच्या पोटावर जरा ऊब आलेली मी पाहिली आहे. दिवाळीपासून माघापर्यंतचे महिने सोन्यासारखे. धुकं असेल तर नऊपर्यंत थांब.

कॅमेऱ्याचं आता एका दमात सांगतो. शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग तू ठरवायचा), ऑटो आयएसओ (उजेडाचा हिशेब कॅमेऱ्याने करायचा), फोकस एएफ-सी (हलत्या विमानामागे सरकत राहणारा), डायनॅमिक २१ बिंदू, फोटो रॉमध्ये (न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये). उजळ आभाळापुढे कॅमेरा विमान काळं करतो, म्हणून एक्स्पोजर ०.७ ने वाढव, ढगाळ असेल तर एकाहून जास्त. जेट असेल तर शटर १/१००० सेकंदाच्या वर बिनधास्त ने. पण पंख्याच्या विमानाला हा वेग लावू नकोस, आणि इथे मी जरा थांबतो, कारण नव्या पोरांचे निम्मे फोटो इथेच मरतात. एएन-३२ चा चार पात्यांचा पंखा मिनिटाला हजारेक फेरे घेतो. १/१००० वर तो थिजून जातो आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/२०० वर पाती फिरत असल्याची छान पुसट झाक उमटते. एमआय-१७ हेलिकॉप्टरचा वरचा मोठा पंखा तर मिनिटाला १९२ फेरेच घेतो, त्याला १/८० किंवा १/१०० लागतं. एवढ्या कमी वेगाला हात हलला की सगळं गेलं. कोपरं छातीला टेकव, पाय रोव, कंबरेतून वळ, आणि बटण दाबून झाल्यावरही वळत राहा. नांगराचं तास संपेपर्यंत बैल थांबवत नाहीत, तसंच.

सराव विमानांवर करू नकोस, ती मोजकीच येतात. बगळ्यांवर कर. संध्याकाळी तलावाकडे परतणारा थवा सरळ रेषेत, एका वेगाने जातो, तो एएन-३२ चा गुरू. घार अचानक वळते, ती लढाऊ विमानाची. गोंदियाकडे नातेवाईक असतील तर बिरसीला वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं घिरट्या घालतात, तीही लांबून पाहण्यासारखी.

ओळख हळूहळू होईल. पंख वर आणि इंजिनं पंखांच्याही वर बसवलेली, ते एएन-३२. हे विमान आपल्या वायुदलात १९८४ पासून आहे. चार जेट इंजिनं आणि इंग्रजी टी सारखी शेपटी असेल तर सी-१७ किंवा आयएल-७६. नाकाखाली काचेची खोली असेल तर आयएल-७६, पंखांची टोकं वर वळलेली असतील तर सी-१७. चार पंखे आणि प्रत्येकाला सहा पाती, ते सी-१३०जे. पुराच्या दिवसांत आपल्याकडे येणारं पाच पात्यांचं दणकट हेलिकॉप्टर एमआय-१७. ते मदतीला आलेलं असेल तेव्हा कॅमेरा खाली ठेव आणि उतरायच्या जागेपासून लांब राहा. त्याच्या वाऱ्याने पत्रे उडतात.

आणि दोन पंख्यांचा जुना ॲव्ह्रो दिसला तर सोडू नकोस. १९६० च्या दशकापासून तो सेवेत आहे आणि त्याच्या जागी सी-२९५ येतायत. ५६ विमानांचा करार २०२१ मध्ये झाला, पहिलं २०२३ च्या सप्टेंबरात आलं. मिग-२१ असंच गेलं. १९६३ मध्ये आलेलं ते विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. त्याचे माझ्याकडे मोजून तीन फोटो आहेत आणि एकही धड नाही. ती हळहळ मला अजून आहे.

गावाचं विसरू नकोस. पोलीस पाटलाला आधी सांग, जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज दे: नाव, गाव, गट क्रमांक, आमच्याच वावरातून आकाशातल्या विमानांचे फोटो काढतो. त्याची पोच जवळ ठेव, आधार कार्ड ठेव. ही काही परवानगी नव्हे, पण तू लपून काही करत नाहीस याचा तो कागद आहे. कोणी विचारायला आलं तर कॅमेरा खाली घे, फोटो दाखव, वाद घालू नकोस. माझ्या धुऱ्याशी एकदा शेजारचे काका येऊन म्हणाले, "काय पायतं रे बाबू तिकडं वरतं?" मी त्यांना स्क्रीनवर विमान दाखवलं. आता विमान आलं की तेच मला हाक मारतात.

दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय पाय टाकू नकोस, आणि पहाटे अंधारात तर मुळीच नको. रानडुकरांसाठी काही जण तारेत थेट करंट सोडतात. झटका मशीनचा धक्का बसून सुटका होते, थेट लाइनच्या तारेने माणूस जागीच जातो. ओळखीची पांदण धर, बॅटरी घे, पायात बूट घाल. मृगाच्या आधी आभाळ गडगडलं तर विमान जाऊ दे, झाडाखाली न थांबता घर गाठ.

ड्रोनचा विचारही मनात आणू नकोस. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत ते गेलं तर माणसं मरतात. मेलेलं ढोर उघड्यावर टाकू नका, हेही घरी सांग. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत घाण टाकायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं जमतात आणि एक घार इंजिनात शिरली की विमान धोक्यात येतं.

फोटो कुठे टाकायचे हा शेवटचा आणि नाजूक भाग. त्याच दिवशी टाकू नकोस, मी महिनाभर थांबतो. मोबाइलने काढला असेल तर त्यातलं ठिकाण आधी काढून टाक. 'आज इतकी गेली, अमुक दिशेला गेली' असं कधीही लिहू नकोस. सीमेवर तणाव असेल त्या दिवसांत माझा कॅमेरा कपाटात असतो, मे २०२५ मध्ये तो महिनाभर तिथेच होता. आणि नेटवर कोणी अनोळखी माणूस, किंवा गोड बोलणारी मुलगी, तुझ्या फोटोंचं कौतुक करून 'ठाण्याच्या बाजूचे आणखी पाठव, पैसे देतो' म्हणाली, तर उत्तर देऊ नकोस. तो संवाद पुसू नकोस, तसाच घेऊन वडिलांबरोबर पोलीस ठाण्यात जा. या वाटेने अडकलेली पोरं आपल्या देशात कमी नाहीत.

जवळून पाहायची हौस आहे, ती मोकळेपणाने भागवता येते. नागपुरात वायुदलाच्या अनुरक्षण कमानचं (मेंटेनन्स कमांडचं) मुख्यालय आहे आणि तिथे २०२२ च्या नोव्हेंबरात एअर फेस्ट झाला, तसा पुन्हा जाहीर झाला की पहिल्या गाडीने जा. वायुदलाच्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या चमूची नऊ हॉक विमानं एकमेकांना चिकटून गेली तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. तिथे तुला कोणी अडवणार नाही. फक्त सूचना नीट वाच, कॅमेऱ्याच्या बॅगेबद्दल आधी विचारून घे.

तोवर या रविवारी सकाळी सात वाजता पूर्वेकडच्या धुऱ्यावर जा. १/२०० वर ठेव, आयएसओ ऑटो, आणि तलावाकडून येणाऱ्या बगळ्यांचे शंभर फोटो काढ. त्यांतले ज्यांत डोळा स्पष्ट आणि पंखांची टोकं पुसट आहेत असे पाच निवडून मला स्टुडिओत आणून दाखव.